पातेल्यातलं काळं

बेडोजांच्या घरी रविवारी भांडण व्हायचं हे ठरलेलं, पण ते गोड पदार्थ टेबलावर आल्यावर. गिल्बर्टच्या वडिलांनी, आर्थर बेडोजांनी, तसा शिरस्ताच घालून दिला होता: आधी मटण, मग मतं. आर्थर कधीचे चर्चच्या आवारात जाऊन निजले होते, तरी शिरस्ता चालू होता. त्या रविवारी मात्र मटण अजून ओव्हनमध्येच होतं आणि घरात कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टीचा सोमवार होता आणि बाजाराचाही. बंद पडलेली बेडोज फाउंड्री, घराण्याचा लोखंड ओतायचा कारखाना, त्या दिवशी संग्रहालय म्हणून उघडायची होती. गिल्बर्टनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. हॅझलफर्डच्या बाजारात त्याची टिंगल कमी झाली नव्हती. "लोखंड विकलं जाईना, म्हणून आता गंज विकायला काढलाय," असं मासेवाला म्हणे. पण दारावर पाटी लागली, शाळांनी सहली ठरवल्या, तेव्हा तोच मासेवाला नातवंडांसाठी तिकिटं मागायला आला. पाटीवर गिल्बर्टनं घराण्याचं जुनं वाक्य रंगवून घेतलं होतं: बेडोजांचा माल परत येत नाही.

आता राहिलं होतं एक पितळी पातेलं. बेडोज घराण्यातल्या बायकांचं मुरंब्याचं पातेलं म्हणून ते काचेच्या कपाटात ठेवायचं, अशी गिल्बर्टची कल्पना. ते घासायचं काम त्यानं लेकीवर, नेस्तावर, टाकलं होतं.

नेस्ता बर्मिंगहॅमला शिकवत होती आणि सुट्टीसाठी घरी आली होती. तिनं व्हिनेगर आणि मीठ लावून पातेल्याचं बाहेरचं अंग सोन्यासारखं केलं. पण आत तळाशी एक काळा थर होता, तो काही केल्या सुटेना. सुरीनं खरवडला तर नखाएवढा निघाला. मुरंबा इतका कसा काय करपला असेल, असं म्हणत तिनं पातेलं शेगडीवर ठेवलं. तापलं की सुटेल.

थर सुटला, पण आधी वास सुटला. चर्चमधल्या मेणबत्त्यांचा आणि लोहाराच्या भात्याचा, दोन्ही एकत्र.

बैठकीच्या खोलीत गिल्बर्टची आत्या हेस्टर विणत बसली होती. ती विणकाम हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या, फळीवरचा लाकडी चमचा उचलला आणि पातेल्यात फिरवू लागली.

"आच कमी कर," ती म्हणाली. "उकळू द्यायचं नसतं. कुठला तुकडा गेलाय?"

"कसला तुकडा, आत्याआजी?"

हेस्टरचा हात थांबला. तिनं नेस्ताकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि मग हळूहळू तिच्या मानेवरून लाली चढत कानांपर्यंत गेली. सत्तरीच्या बाईला असं लाल झालेलं नेस्तानं कधी पाहिलं नव्हतं. हेस्टरनं चमचा खाली ठेवला आणि गॅस बंद केला.

"काही नाही. जुनी सवय," ती म्हणाली. "हे पातेलं कपाटात नको ठेवू. टाकून दे."

एवढ्यात गिल्बर्ट आत आला. "अरे वा, हा वास! लहानपणी घरभर असायचा. फरशीचं पॉलिश ना?"

त्याची बायको डिलिस दारात उभी होती, हातात बशांची चळत. ती वेल्समधून या घरात आलेली, आणि इथे कुठे पाणी मुरतंय हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं.

"आत्या," डिलिस म्हणाली, "बसा खाली. आणि सांगून टाका."

हेस्टर बसली. सांगताना ती टेबलाकडेच बघत होती.

"मेण, राळ, लोखंडाचा बारीक कीस आणि काजळी. घरात आम्ही त्याला नुसतं काळं म्हणायचो. ओतकामात हवा अडकली की बिडात, ओतीव लोखंडात, भोक राहतं. त्यात हे गरम गरम भरायचं. थंड झालं की लोखंडासारखं दिसतं, वर रंग दिला की देवालाही कळणार नाही. आई करायची, मग मी करायला लागले."

"म्हणजे फसवणूक," नेस्ता म्हणाली.

"सगळ्याच फाउंड्र्या करायच्या गं. फाटकाच्या दांडीला, बागेतल्या बाकाच्या पायाला. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं."

"आणि आपल्याकडे?" नेस्तानं विचारलं.

हेस्टरनं विणकामाचा गुंडा उगाच उलगडला. "नासलेला तुकडा फोडावा लागायचा. अंगणात. घणानं. भिंतीपलीकडे बाजार, तो सगळा ऐकायचा. पहिला घाव पडला की भाजीवाले ओरडायचे, 'बेडोजांनी खडी पाडली!' आणि मग गावभर तेच. त्या साली वाईट लोखंड आलं होतं. दर आठवड्याला घण. चर्चमध्ये गेलं तरी मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणायचं, खडी. आर्थरला ते सहन होईना. मग तो मोठ्या तुकड्यांनाही काळं भरून घ्यायला लागला."

गिल्बर्ट हसला. हसणं जमलं नाही, पण हसला. "आत्या, काहीतरी बोलू नकोस. बाबांनी? बाबा खिळा वाकडा लागला तर उपटून परत ठोकायचे."

"खिळ्याचा आवाज बाजारात जात नाही," हेस्टर म्हणाली.

"मोठे तुकडे म्हणजे कुठले?" गिल्बर्टनं विचारलं.

हेस्टरनं उलगडलेला धागा बोटाला गुंडाळला. "सज्जा पेलणारा खालचा ब्रॅकेट. उजव्या टोकाचा. काळं दाबून भरायला भोकात आर्थरचा अंगठा जाईना, म्हणून मला बोलावलं. माझा गेला. पूर्ण."

तो सज्जा फाउंड्रीच्या भिंतीला लागून होता, खाली ओतकामाची जागा. एके काळी त्यावर एकटे आर्थर उभे राहून काम बघायचे. उद्या तिथे महापौर आणि शाळेची मुलं उभी राहणार होती, खाली रसरशीत लोखंड ओतताना बघायला. हाच तर उद्याचा मुख्य कार्यक्रम होता.

"तू मला हे आज सांगतेस?" गिल्बर्ट म्हणाला.

"तू कधी विचारलंस? तू पाटी रंगवत होतास."

डिलिसनं बशा खाली ठेवल्या. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. रेल्वेच्या मालधक्क्यावरची क्रेन. तीही बेडोजांचीच. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल: क्रेनवर कामाला असलेल्या इनॉक टिप्टननं झेपेना एवढा माल उचलला, क्रेनचा हात मोडला, इनॉकचा पाय गेला. चौकशीत त्याचीच चूक ठरली. तरी बेडोजांनी माणुसकी सोडली नाही, दर नाताळाला त्याच्या घरी हॅम पोचवला. आर्थर गेल्यावर तो हॅम डिलिसच नेऊन द्यायची. इनॉक दारात कुबडीवर उभा राहून टोपी काढायचा. तिला ते आवडायचं, हे तिला आता आठवलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "क्रेन?"

हेस्टरनं मान हलवली नाही, पण डोळे मिटले. तेवढं पुरे झालं.

जेवण कुणाला गेलं नाही. मटण कापलं गेलं, बटाटे वाढले गेले, आणि रूबार्बचा गोड टार्ट टेबलावर तसाच राहिला. एकट्या गिल्बर्टनं तेवढं मटण खाल्लं, हट्टानं, घास घास मोजून चावल्यासारखं.

"मी तपासणार," तो शेवटी म्हणाला. "आत्याचं वय झालंय. पुराव्याशिवाय मी बाबांना चोर म्हणणार नाही."

"दाभण घेऊन जा," हेस्टर म्हणाली. "तापवून टोच. बीड असेल तर टोक वाकेल. काळं असेल तर आत जाईल."

*

फाउंड्रीत नवा चुना लावलेला होता, दारापासून सज्ज्यापर्यंत रंगीत पताका. गिल्बर्ट शिडीवर चढला. नेस्तानं शिडी धरली. हेस्टर एका खोक्यावर बसली, डिलिस तिच्या शेजारी उभी राहिली. गिल्बर्टनं दाभणाचं टोक पेटत्या दिव्यावर धरलं आणि ब्रॅकेटवर टेकवलं. रंग चुरचुरला. टोक थांबलं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो खाली बघून काहीतरी बोलणार होता.

"जरा वर," हेस्टर खालून म्हणाली. "भिंतीच्या बाजूला."

त्यानं बोटभर वर टोचलं. दाभण गेलं. मुठीपर्यंत गेलं, लोण्यात जावं तसं, आणि तोच वास आला, लहानपणी घरभर असायचा तो.

गिल्बर्ट तसाच शिडीवर राहिला. त्याला ओतकामाचा एक दिवस आठवला. तो सहा-सात वर्षांचा असेल. बाबांनी त्याला याच सज्ज्यावर नेलं होतं, खांद्यावर बसवून. तो खाली उतरून उजव्या टोकाकडे पळाला, आणि बाबांनी त्याला धरून असं थोबाडलं की गाल दोन दिवस सुजला होता. नंतर बाबाच रडले होते. आयुष्यभर त्याला कळलं नव्हतं की बाबा का रडले.

"ते नेहमी डाव्या टोकाला उभे राहायचे," तो म्हणाला.

"हो," हेस्टर म्हणाली.

शिडीवरून उतरताना तो एकदम म्हाताऱ्यासारखा उतरला. पण खाली पाय टेकताच त्याचं डोकं पुन्हा चालायला लागलं. त्याचा स्वभावच तसा, पडला तरी नाक वर. "ठीक आहे. लाकडी खांब लावू. भक्कम. वरून पताका गुंडाळू, कुणाला कळायचं नाही. सज्ज्यावर एका वेळी चारच माणसं. झालं."

"आणि लोकांना काय सांगायचं?" नेस्तानं विचारलं.

"गर्दी नको म्हणून. नियम."

"बाबा, तुम्ही परत तेच करताय. काळंच भरताय."

"तू बर्मिंगहॅमला राहतेस. सोमवारनंतर मला या गावात राहायचंय." तो डिलिसकडे वळला. "तू सांग तिला."

डिलिसनं मान खाली घातली होती. "झाकली मूठ राहू दे, नेस्ता," ती म्हणाली. "ब्रॅकेटला खांब लागला की कुणाला धोका नाही. क्रेनचं आता उकरून काय होणार? इनॉक गेला. पाय तर कुणी परत आणणार नाही." असं म्हणताना आपला आवाज आपल्याच कानांना खोटा वाटतोय हे तिला कळत होतं.

दार उघडलं आणि मॉरिस टिप्टन आत आला. इनॉकचा मुलगा. पन्नाशीचा, अंगानं बारीक, पोस्टात नोकरी करणारा आणि संग्रहालयाच्या दारावर तिकिटं फाडायला आपणहून आलेला. त्याच्या हातात पताकांचं आणखी एक भेंडोळं होतं.

"अरे, सगळं घराणंच इथे," तो म्हणाला. "छत गळतंय काय?"

"रंग," गिल्बर्ट म्हणाला. "रंग जरा सुटला होता. बाकी काही नाही."

"मग मला सांगायचं. तुम्ही कशाला चढलात या वयात?" मॉरिसनं भेंडोळं ठेवलं आणि वर सज्ज्याकडे पाहिलं. "उद्या मला इथे बघून आमच्या बाबांना बरं वाटलं असतं. ते नेहमी म्हणायचे, बेडोजांची क्रेन मोडली माझ्या हातून, पण त्या घरच्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. उलट हॅम पाठवला."

नेस्ता शिडी सोडून बाजूला झाली. आणि मग बोलली ती डिलिस, जिला कुणी विचारलं नव्हतं.

"मॉरिस, तो हॅम मी आणून द्यायचे ना?"

"हो तर. लाल फीत बांधून."

"तो आमच्याकडून घ्यायला नको होता तुम्ही." तिचा चेहरा वाकडा झाला. "तुमच्या बाबांची चूक नव्हती. क्रेनच खराब होती. या घराला ठाऊक होतं."

"डिलिस," गिल्बर्ट म्हणाला.

"तू गप्प बस. मी पण तुझ्याबरोबर मूठ झाकायला निघाले होते. त्यांनी लाल फीत म्हटलं आणि मला माझीच शिसारी आली."

मग हेस्टर खोक्यावरून उठली. तिनं आपला उजवा अंगठा पुढे धरला, लहान मुलीनं मास्तरांसमोर धरावा तसा. "क्रेनच्या हातात, जोडाच्या वर, एवढं भोक होतं. मी भरलं. माझ्या हातानं. चौकशी झाली तेव्हा मला कुणी बोलावलं नाही, आणि मी गेले नाही. आर्थर म्हणाला, माणूस वाचलाय, आता फाउंड्री वाचवू. मी ऐकलं त्याचं."

मॉरिसनं पताकांच्या भेंडोळ्याची दोरी सोडली आणि परत बांधली.

"मी शाळेत होतो," तो म्हणाला. "पोरं मला 'जास्तीची गोणी' म्हणायची. पाय गेल्यावर बाबा चर्चच्या कोपऱ्यावर पेपर विकायचे, ठाऊकच आहे तुम्हाला. मी शाळेतून येताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं यायचो. लाज वाटायची. ते मला बघायचे, पण हाक मारायचे नाहीत. पुढे मोठा झालो, नोकरीला लागलो, तरी सवय राहिली. पलीकडूनच."

त्यानं दोरीची गाठ आवळली.

"आणि त्यांना वाटायचं, बरोबरच आहे पोराचं," मॉरिस पुढे म्हणाला. "शेवटी इस्पितळात माझा हात धरून म्हणाले, एखादी गोणी जास्त झाली असेल रे, मोजायला चुकलो असेन. मी म्हणालो, जाऊ द्या बाबा, झालं गेलं. मी त्यांना माफ केलं, डिलिसबाई. मी त्यांना माफ केलं."

डिलिस रडायला लागली. आपल्याला रडण्याचा हक्क नाही असं हेस्टरला वाटत होतं, म्हणून ती ताठ उभी राहिली.

"मॉरिस," गिल्बर्ट म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला सगळा कारखानदार गळून पडला होता, "काय हवं ते सांग. मी करतो. काहीही भरपाई..."

"माझ्या बाबांचा पाय काय भावानं घेणार?" मॉरिसनं शांतपणे विचारलं. गिल्बर्टनं खाली पाहिलं. मॉरिस सज्ज्याखाली गेला, हात उंचावून त्या ब्रॅकेटला बोटं लावली. "हा काढा."

"आजच काढतो. नवा बसवू."

"आणि फोडा."

"फोडतो."

"अंगणात," मॉरिस म्हणाला. "उद्या. बाजार भरल्यावर. तुमच्या बाबांना जो आवाज नको होता ना, तो मला ऐकायचाय." तो दाराकडे निघाला, थांबला. "उद्या तिकिटं दुसऱ्या कुणाला तरी फाडायला सांगा."

दार बंद झालं. गिल्बर्टला वाटलं, आता डिलिस काहीतरी म्हणेल, की असं कसं, महापौर येणार, वर्तमानपत्रवाले येणार. डिलिसनं डोळे पुसले आणि ती ब्रॅकेट सोडवायला पाना शोधायला गेली.

*

सोमवारी ऊन चांगलं पडलं. बाजार गच्च भरला होता. फाउंड्रीच्या दारावर रांग लागली होती आणि पाटीखाली महापौर गळ्यातली साखळी सावरत उभे होते. सज्ज्याची शिडी काढून टाकलेली. पितळी पातेलं काचेच्या कपाटात होतं, पण तळाचं काळं न घासता. तसं ठेवायला हेस्टरनं सांगितलं होतं, आणि या वेळी तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

गिल्बर्टनं भाषण केलं नाही. त्यानं लोकांना अंगणात बोलावलं. मधोमध ऐरणीवर तो ब्रॅकेट ठेवलेला होता. त्यानं कोट काढून नेस्ताकडे दिला आणि जे होतं ते सांगितलं: बिडातलं भोक, ते कुणी भरलं, क्रेन कुणाच्या हाती मोडली आणि चूक कुणाची. सांगताना दोनदा अडखळला. इनॉक टिप्टनचं नाव मात्र मोठ्यानं आणि नीट घेतलं. गर्दीत कुजबुज झाली, मग तीही थांबली. मासेवाल्याची बायको हेस्टरकडे बघत होती. हेस्टरनं नजर वळवली नाही. तिला तेवढंच जमण्यासारखं होतं.

मग गिल्बर्टनं घण उचलला.

पहिल्याच घावाला ब्रॅकेट तुटला, भोक होतं तिथेच, आणि आतलं काळं उन्हात उघडं पडलं. आवाज भिंतीवरून बाजारात गेला. बाजारात एक म्हातारा भाजीवाला होता, लहानपणापासून त्याच जागी बसणारा. त्याला भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू आलेलं नव्हतं. त्यानं सवयीनं मान वर केली आणि ओरडला, "बेडोजांनी खडी पाडली!"

बाजारात कुणीतरी हसलं. अंगणात गिल्बर्टनं ते ऐकलं. त्याचा चेहरा पेटल्यासारखा झाला, तरी त्यानं घण परत उचलला. तुकड्यांची खरोखरच खडी होईपर्यंत तो मारत राहिला. शेवटी शेवटी हातांना फोड आले, पण घण त्यानं दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

डिलिस मात्र अंगणात थांबली नव्हती. ती मॉरिसला शोधायला बाहेर पडली होती. त्याच्या घराला कुलूप होतं. परत येताना तो तिला दिसला. चर्चच्या कोपऱ्यावर, जिथे इनॉक पेपर विकायचा त्या जागी, मॉरिस भिंतीला टेकून उभा होता. हातात टोपी. प्रत्येक घावाबरोबर तो हलकेच मान हलवत होता, शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी ऐकताय ना असं विचारावं तसा.

डिलिसची त्याच्यासमोर जायची छाती झाली नाही. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेली.